कळसूबाईला जायचंय, उजवा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे

पत्र थोडक्यात असं:

«वय २७, राहणार सिन्नर. दोन वर्षांपूर्वी मोटरसायकलच्या अपघातात उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. चौदा महिने झाले, मॉड्युलर (सुटे भाग जोडून बनवलेला) पाय वापरतोय. सिलिकॉनचा लायनर (उरलेल्या पायावर चढवायचा मोजा) आहे, त्याच्या खाली लॉकमध्ये अडकणारी पिन आहे. कंपनीत आठ तास उभ्याने काम करतो. अपघाताआधी हरिश्चंद्रगड, रतनगड केलेत. येत्या ३१ डिसेंबरला कळसूबाई करायचं ठरवलंय. आमचं मंडळ फ्लेक्स छापणार आहे. मित्र रोज कृत्रिम पायाने एव्हरेस्ट चढलेल्या अरुणिमा सिन्हांचे व्हिडिओ पाठवतात आणि बाबा म्हणतात, हा शुद्ध वेडेपणा आहे. मागच्या रविवारी जवळच्या टेकडीवर जाऊन आलो. तासाभरात पाय सॉकेटमध्ये (उरलेला पाय ज्या साच्यात बसतो त्यात) खाली गेल्यासारखा वाटला आणि घरी काढून पाहिलं तर नडगीच्या टोकाला फोड. मला जमेल का? जयपूर फूट घेतला तर सोपं जाईल का? पाय डोंगरातच मोडला तर काय करायचं?»

जमेल. तुमचा गुडघा शाबूत आहे आणि चढाईत अर्धं काम गुडघाच करतो. उभं राहायची सवय आहे, सह्याद्रीची ओळख जुनी आहे. मात्र ३१ डिसेंबरला जाऊ नका, आणि तो फोड पूर्ण बरा होऊन कातडी पुन्हा घट्ट होईपर्यंत टेकडीवरही जाऊ नका. तारखेचं का ते पुढे सांगतो. आधी फोडाचं बघू, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. कळसूबाईवर तुमचा दम किंवा जिद्द कमी पडेल असं आम्हाला वाटत नाही. अडलंच तर ते सॉकेटच्या आतल्या चार बोटं कातडीवर अडेल.

स्टंपचं, म्हणजे गुडघ्याखाली उरलेल्या पायाचं, माप दिवसभर सारखं राहत नाही. चालताना दाबाने त्यातलं पाणी वर ढकललं जातं, घामाने शरीरातलं पाणी कमी होतं, आणि सकाळी गच्च बसलेलं सॉकेट दोन तासांत सैल होतं. सैल झालं की स्टंप आत उतरतो. वजन खरं तर गुडघ्याच्या वाटीखालच्या जाड बंधावर आणि नडगीच्या दोन्ही बाजूंच्या मांसावर पडायला हवं. ते तिथून सुटतं आणि नडगीच्या कापलेल्या टोकावर येतं, जिथे हाड आणि कातडी यांच्यामध्ये जवळपास काहीच नसतं. त्यातच प्रत्येक पावलाला स्टंप आत जरासा वर-खाली होतो आणि घामाने कातडी ओली झालेली असते. तुमचा फोड असाच आला.

यावर उपाय आहे सॉक्सचा, आणि तो तुमच्याच हातात आहे. लायनरवर घालायचे स्टंप सॉक्स १, ३ आणि ५ प्लायचे मिळतात (प्लाय म्हणजे सॉक्सच्या जाडीचं माप). तुमच्या पायाला पिन आहे, म्हणून मोजायची सोय आयतीच आहे. सकाळी पाय घालताना पिन किती वेळा ‘टक’ वाजते ते मोजा. रोज पाच वाजत असतील आणि चालून आल्यावर सात वाजल्या, तर स्टंप दोन टक खाली गेला. १ प्लायचा सॉक्स चढवा आणि पुन्हा मोजा. टोकाला दुखायला लागलं किंवा वाटीच्या खालच्या कडेला टोचायला लागलं, तरी अर्थ तोच, सॉक्स कमी पडतोय. उलट पिन लागायलाच तयार नसेल, वरच्या कडेला आवळल्यासारखं होत असेल आणि तळाशी पोकळी जाणवत असेल, तर सॉक्स जास्त झालाय. हेही तितकंच वाईट, कारण आधार नसलेलं टोक सुजतं आणि जांभळं पडतं. एकूण बेरीज १० प्लायच्या वर जायला लागली की सॉक्स वाढवत बसू नका. सॉकेट बदलायची वेळ आलेली असते. चौदा महिने एकच सॉकेट वापरताय आणि अपघाताला दोनच वर्षं झालीत. या काळात स्टंप बराच आटतो, त्यामुळे ही शक्यता आम्हाला दाट वाटते. तयारी सुरू करण्याआधी प्रोस्थेटिस्टकडे, म्हणजे कृत्रिम पाय बसवणाऱ्या तज्ज्ञाकडे, जाऊन ही बेरीज सांगा.

सॉक्स घालताना एक चूक नेहमी होते. सॉक्सच्या तळाला पिनसाठी भोक असतं. ते नीट मध्यावर आलं नाही तर कापड पिनेबरोबर लॉकमध्ये खेचलं जातं, आणि मग बटण दाबलं तरी पाय निघत नाही. डोंगरात हे झालं तर निस्तरणं अवघड. पिन भोकातून पूर्ण बाहेर आल्याचं बोटाने चाचपून मगच पाय आत घाला. लॉकमध्ये सह्याद्रीची लाल माती गेली तरी असाच त्रास होतो. थांब्यावर पाय काढला की तो मातीत आडवा टाकू नका. त्यासाठी एक स्वच्छ पिशवी जवळ ठेवा.

आता घाम. सिलिकॉनच्या आत हवा खेळत नाही, घाम लायनरमध्येच साठतो. चढावर दर ४५ मिनिटांनी बसायचं, पाय काढायचा, लायनर उलटा करून पुसायचा, स्टंप सुती पंच्याने टिपायचा, कातडी बघायची आणि पुन्हा घालायचं. हे सगळं सात-आठ मिनिटांत उरका. दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ स्टंप मोकळा ठेवला तर तो सुजायला लागतो आणि सॉकेटमध्ये जाईना होतो. माथ्यावर जेवायला बसाल तेव्हाही लायनर घालूनच बसा, नाहीतर क्रेप बँडेज बांधा. दुसरा कोरडा लायनर असेल तर अर्ध्या वाटेवर बदला, त्याने पुष्कळ फरक पडतो. लायनर महाग असतो हे आम्ही जाणतो. पण या मोहिमेसाठी एकच वस्तू नवी घ्यायची असेल तर बूट, जॅकेट, कॅमेरा यांच्या आधी दुसरा लायनर घ्या.

टाल्कम पावडर लावू नका, घामात तिचा लगदा होतो आणि तोच घासतो. सकाळी तेल किंवा क्रीम नको, ते रात्री पाय काढल्यावर लावा. स्टंपवरचे केस वस्तऱ्याने काढू नका, वाढताना ते आत वळतात आणि पुळ्या येतात. फारच घाम येत असेल तर रात्री लावायचे घाम कमी करणारे लोशन मिळतात. डॉक्टरांना विचारून दोन-तीन आठवडे आधीपासून लावा, मात्र फुटलेल्या कातडीवर कधीच नाही.

कातडी बघायची म्हणजे काय बघायचं? लाली कुठे आहे आणि किती वेळ टिकते. वाटीखालच्या बंधावर लाली असेल आणि दहा मिनिटांत विरली, तर ती वजन योग्य जागी पडल्याची खूण आहे. नडगीच्या टोकावर, नडगीच्या पुढच्या धारेवर किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला खाली जो हाडाचा गोळा लागतो त्यावर लाली असेल आणि ती थांबा संपेपर्यंतही जात नसेल, तर सॉक्स बदला आणि पुढच्या थांब्याला पुन्हा तीच जागा बघा. गुडघ्यामागची खाच स्वतःला दिसत नाही, त्यासाठी खिशात छोटा आरसा ठेवा. फोड आला किंवा कातडी सोलली तर तिथूनच परत फिरायचं, माथा अर्ध्या तासावर असला तरी. उतार चढाएवढाच लांब आहे, आणि तो त्याच फुटलेल्या कातडीवर उतरायचा आहे.

जयपूर फूटबद्दल विचारलंत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जयपूरला रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेला हा पाय खडबडीत जमिनीवर खरोखर चांगला आहे. त्याचं रबरी पाऊल सगळ्या बाजूंना थोडं थोडं वाकतं, अनवाणी चालता येतं, पाणी-चिखलाचं भय नाही. शेतात राबणाऱ्या हजारो माणसांना त्याने उभं केलंय. पण तुमची अडचण पावलात नाही, सॉकेटमध्ये आहे. साध्या जयपूर फूटला बहुतेक वेळा लायनर आणि पिन नसते, पाय पट्ट्यावर तोललेला असतो, आणि स्टंपची आतली हालचाल त्यात वाढायचीच शक्यता जास्त. चौदा महिन्यांची सवय मोडून डोंगरासाठी नवा पाय घेऊ नका. आहे त्या पायाचं सॉकेट नीट करून घ्या.

पाऊल मात्र तपासून घ्या. घोटा न वाकणारं साधं पाऊल असेल तर चढावर चवडा आधी टेकतो आणि गुडघा मागे ढकलला जातो. उतारावर उलट होतं, टाच टेकली की अख्खं पाऊल जमिनीला लागेपर्यंत गुडघा पुढे फेकला जातो. कार्बन फायबरच्या पावलात हे थोडं सुसह्य होतं. ते पाऊल वजनाच्या गटाप्रमाणे मिळतं, तेव्हा वजन सांगताना पाठीवरच्या पिशवीचं वजनही धरा. आणि ट्रेकचे बूट प्रोस्थेटिस्टकडे बरोबर न्या. पायाची ठेवण बुटाच्या टाचेच्या उंचीवर बेतलेली असते. रोजच्या बुटापेक्षा टाच एक सेंटिमीटर उंच असली तरी पूर्ण पाय पुढे कलतो आणि दिवसभर गुडघा दुमडतोय असं वाटत राहतं. लोक नवे बूट घेतात, घसरतात आणि दोष स्वतःच्या तोलाला देतात.

ह्यू हर हे अमेरिकी गिर्यारोहक १९८२ साली हिमदंशाने दोन्ही पाय गुडघ्याखाली गमावून बसले. नंतर त्यांनी कड्यावर चढण्यासाठी स्वतःची वेगवेगळी पावलं बनवली. अरुंद भेगेसाठी वेगळं, बर्फासाठी वेगळं. पुढे अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात ते याच विषयाचे प्राध्यापक झाले. तुम्हाला इतकं काही करायचं नाही. पण आपल्या वाटेला साजेसा पाय हवा आणि पायाची भाषा आपल्याला कळायला हवी, हे त्यांच्याकडून घ्यावं.

आता पावलं कशी टाकायची. पायऱ्या चढताना डावा, म्हणजे चांगला पाय आधी वर आणि कृत्रिम पाय मागून. उतरताना कृत्रिम पाय आधी खाली. दगडी पायरी उतरताना कृत्रिम पाऊल पूर्ण पायरीवर ठेवलंत तर घोटा वाकत नसल्यामुळे तुम्ही अडकता. म्हणून टाच आणि मधला भाग पायरीवर, चवडा कडेच्या बाहेर अधांतरी, असं ठेवा. मग पाऊल कडेवरून गडगडत पुढे जातं आणि गुडघा सुरळीत दुमडतो. हे घरच्या जिन्यावर, कठडा धरून, किमान दोन आठवडे घोटवा. मोकळ्या घसाऱ्यावर सरळ खाली न येता आडवं उभं राहून उतरा, कृत्रिम पाय उताराच्या बाजूला आणि चांगला पाय डोंगराच्या बाजूला. चढतानाही आडवं व्हायची वेळ आली तर चांगला पाय डोंगराच्याच बाजूला. बाकी चढ नागमोडी घ्या, वेळ गेला तरी चालेल.

काठ्या दोन घ्या, एक नको. एकाच काठीने कंबर एका बाजूला झुकते आणि संध्याकाळपर्यंत पाठ धरते. चढावर कोपर काटकोनात राहील इतकी उंची, उतारावर त्याहून पाच-दहा सेंटिमीटर जास्त.

कळसूबाईच्या लोखंडी शिड्या चढायला तुम्हाला वाटतात तितक्या अवघड नाहीत, उतरायला मात्र आहेत. कृत्रिम पाऊल आडव्या पट्टीवर टेकलंय की नाही हे ते पाऊल तुम्हाला सांगणार नाही, डोळ्यांनीच बघावं लागतं. चढताना डावा आधी. उजवा मागून असा आणा की पट्टी पावलाच्या मध्यावर, टाचेला लागून येईल. चवड्यावर उभे राहू नका, साधं पाऊल चवड्यावरून निसटतं. उतरताना तोंड शिडीकडे, उजवा आधी खाली, आणि सोबत्याने दोन-तीन पट्ट्या खाली राहून प्रत्येक वेळी मोठ्याने सांगायचं, ‘टेकला’. ‘टेकला’ ऐकल्याशिवाय वजन द्यायचं नाही. काठ्या दुमडून दुसऱ्याकडे द्या. पहिल्यांदा जाताना कमरेला हार्नेस (दोर अडकवायचा पट्टा) आणि वरून दोर, दोर सांभाळणारा प्रस्तरारोहण शिकलेला. कठड्यांचं लोखंड ऊनपावसात उभं असतं, दोर त्यांना बांधू नका.

सोबत्यांना एक गोष्ट आधीच बजावून ठेवा, हात ओढायचा नाही. मदतीच्या भरात मित्र पुढून हात खेचतात किंवा काखेत हात घालून उचलतात. त्यामुळे कृत्रिम पाय जमिनीवरून सुटतो आणि तोल जातो तो तिथेच. त्यांनी शेजारी स्थिर उभं राहावं आणि खांदा द्यावा. केव्हा धरायचा, केव्हा सोडायचा हे तुम्ही ठरवा.

तयारीला सोळा आठवडे धरा, आणि ते फोड बरा झाल्यापासून मोजा. कळसूबाई १६४६ मीटर. पायथ्याच्या बारी गावातून निघालं की साधारण साडेआठशे ते नऊशे मीटर उंची कमवावी लागते. जिन्याच्या हिशेबात या साडेपाच हजारांच्या आसपास पायऱ्या झाल्या, आणि तितक्याच उतरायच्या. गुडघ्याखाली कृत्रिम पाय असलेल्याला सपाटीवर चालतानाही साधारण पावपट जास्त शक्ती लागते, चढावर त्याहून जास्त. तेव्हा आठवड्यातून दोनदा जिना, पहिल्या आठवड्यात ४०० पायऱ्या. दर आठवड्याला साधारण १५ टक्के वाढवा आणि दर चौथ्या आठवड्यात निम्म्यावर या, म्हणजे कातडीला सावरायला वेळ मिळेल. शेवटी एका दमात नाही, पण एका सकाळी दोन हजारांपर्यंत पोचायला हवं. मधल्या दोन दिवशी घरच्या घरी कुशीवर झोपून पाय बाजूला उचलणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, खुर्चीवरून हळूहळू उठणं-बसणं. कंबरेच्या बाजूचे स्नायू ढिले असले की प्रत्येक पावलाला शरीर कृत्रिम पायाकडे झुकतं आणि सॉकेटची कड रुतते. डाव्या पायाकडेही लक्ष ठेवा. तो दोघांचं काम करतो आणि बहुतेकांचा आधी तोच गुडघा बोलायला लागतो.

टेकड्यांचा क्रम नाशिकच्या आसपासच लागतो. आधी पांडवलेणीच्या पायऱ्या, मग रामशेज, मग अंजनेरी. अंजनेरी करून आल्यावर रात्री कातडीवर डाग राहिला नाही, आणि दुसऱ्या दिवशी कंपनीत रोजच्यासारखं उभं राहता आलं, तरच कळसूबाईची तारीख ठरवा. डाग राहिला तर दोन आठवडे मागे या.

पाय मोडला तर? २००६ मध्ये न्यूझीलंडचे मार्क इंग्लिस दोन्ही पाय कृत्रिम असताना एव्हरेस्ट चढले. त्या मोहिमेत ६४०० मीटरच्या आसपास बांधलेल्या दोराचा आधार सुटला, ते पडले आणि कार्बन फायबरचा एक पाय मधोमध मोडला. त्यांनी तो डक्ट टेपने गुंडाळला आणि बेस कॅम्पवरून सुटा पाय वर येईपर्यंत त्याच्यावरच निभावलं. सुटे भाग बरोबर आणले होते म्हणून मोहीम तगली. तुमच्या पायात नळी आणि पावलाच्या जोडावर चार-चार छोटे स्क्रू असतात, त्यांना बहुधा ४ मिलिमीटरची एलन की लागते. आपल्या पायाची नेमकी कोणती ते विचारून घ्या आणि ती गळ्यात अडकवा. पिशवीत टाकाल तर नेमकी सोबत्याबरोबर पुढे जाते. जाण्याआधी प्रोस्थेटिस्टकडून स्क्रू योग्य जोराने आवळून घ्या, वर लॉकिंग द्रव (स्क्रू ढिला होऊ न देणारा) लावून घ्या, आणि प्रत्येक स्क्रूवरून धातूपर्यंत जाणारी एक बारीक रेघ रंगाच्या पेनने ओढा. थांब्यावर एका नजरेत कळतं, रेघ तुटली म्हणजे स्क्रू फिरलाय. पाऊल वाकडं वळल्यासारखं वाटलं किंवा पावलागणिक कट-कट आवाज आला, तर तिथेच थांबून रेघा बघा.

त्याशिवाय डक्ट टेप, सुटी पिन, १-३-५ प्लायचे दोन-दोन सॉक्स, फोडावर लावायच्या जाडसर जेल पट्ट्या, क्रेप बँडेज आणि सोबत्याच्या पिशवीत दुमडणाऱ्या कुबड्यांची जोडी. कुबड्यांना लाजू नका. पाय काढून ठेवायची पाळी आली तर सपाटीच्या टप्प्यावर त्याच तुम्हाला चालवतील. शिड्यांच्या टप्प्यात मात्र उचलूनच आणावं लागेल, म्हणून निघण्याआधी बारीतल्या वाटाड्यांशी बोलून चार माणसांची सोय ठरवून ठेवा. तुमच्या पाठीवर तीन-चार किलोंहून जास्त वजन नको.

आता तारीख. ३१ डिसेंबरला नव्या वर्षाचा सूर्योदय बघायला लोक रात्रभर चढतात. शिड्यांवर रांग लागते, मागचा ढकलतो, वरचा घाई करतो. तुम्हाला प्रत्येक पट्टीवर पाऊल बघून ठेवायचंय आणि दर ४५ मिनिटांनी बसायला जागा हवीय. सोळा आठवड्यांचा हिशेब करून जानेवारीच्या शेवटच्या किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातला कामाचा वार निवडा, कंपनीत एक दिवस रजा टाका. गर्दी नसेल तेव्हा वाटेवरची लिंबू-सरबताची दुकानंही कमी असतात, म्हणून माणशी तीन-चार लिटर पाणी बरोबर हवं. पाणी कमी प्यालात की स्टंप आणखी आटतो. मार्चनंतर उन्हाने लायनर तळ्यासारखा भरेल आणि पावसाळ्यात शिड्या शेवाळतात, त्यामुळे यंदा हाच महिना-दीड महिना तुमचा.

पहाटे साडेपाचला बारीतून निघा. पहिला शेतांचा टप्पा डोक्यावरच्या बॅटरीत सोपा आहे, उजेड पावलावर पडू द्या. चढायला सहा तास धरा, उतरायला पाच. बारा वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचं, हे आदल्या रात्री सगळ्यांसमोर ठरवा आणि परत फिरायचं म्हणण्याचा हक्क सोबत्यांपैकी एकाला द्या, तुम्ही स्वतःकडे ठेवू नका. शेवटच्या शिडीच्या थोडं आधी विहीर आहे. तिथे घाई असली तरी बसा, पाय काढा, पुसा, बघा, टक मोजा आणि मगच शिडीला हात लावा.

फ्लेक्सबद्दल आम्ही स्पष्ट बोलतो. तो उतरून आल्यावर लावा. गावाच्या वेशीवर आपला फोटो आधीच लागलेला असला की विहिरीपाशी सोललेली कातडी दिसूनही माणूस पुढे जातो. टॉम व्हिटकर यांचं एक पाऊल कृत्रिम होतं. ते १९८९ आणि १९९५ मध्ये एव्हरेस्टवरून माथा न गाठता परतले आणि १९९८ मध्ये तिसऱ्या खेपेला पोचले. परत फिरले म्हणूनच त्यांना तिसरी खेप करता आली.

मित्र पाठवतात ते व्हिडिओ बघा, त्यात खोटं काही नाही. पण अरुणिमा सिन्हा एप्रिल २०११ मध्ये पाय गमावून २१ मे २०१३ रोजी एव्हरेस्टवर उभ्या राहिल्या, तेव्हा मधल्या दोन वर्षांत त्यांनी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत शिक्षण घेतलं होतं, एव्हरेस्ट चढलेल्या पहिल्या भारतीय महिला बचेंद्री पाल यांच्या हाताखाली तयारी केली होती, आणि अपघाताआधी त्या राष्ट्रीय पातळीच्या व्हॉलीबॉल खेळाडू होत्या. मे २०२३ मध्ये माजी गुरखा सैनिक हरी बुढा मगर दोन्ही पाय गुडघ्याच्या वर कापलेले असताना एव्हरेस्ट चढले. त्यासाठी २०१७ साली नेपाळ सरकारने दोन्ही पाय नसलेल्या आणि अंध गिर्यारोहकांवर घातलेली बंदी आधी न्यायालयात उठवावी लागली. या माणसांची खरी मेहनत व्हिडिओत न दिसणाऱ्या महिन्यांत आहे, आणि तुमचे ते महिने आता सुरू होतायत. तुम्ही जिथे पाय बसवून घेतला तिथे नवी मुलं येत असतील. त्यांना माथ्यावरच्या फोटोपेक्षा, कितव्या तासाला किती प्लाय वाढवला आणि कुठे लाली आली, ही तुमची वही जास्त उपयोगी पडेल. म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवा.

बाबांचा राग मोडायचा प्रयत्न करू नका. त्यांनी दवाखान्यातले दिवस पाहिलेत. त्यांना पांडवलेणीला बरोबर न्या, पायऱ्यांच्या तळाशी बसवा, हातात घड्याळ आणि ती वही द्या. तुम्ही खाली आलात की त्यांच्यासमोर पाय काढा आणि कातडीवरची लाली किती मिनिटांत जाते, ते त्यांनाच मोजून लिहू द्या.